हरलीस म्हणून निघालीस, की निघायचंच होतं?

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी ही वाचक चोवीस वर्षांची आहे. वडील यंत्रमागावर काम करतात, आई विड्या वळते. शाळेत असताना ती ज्युदो शिकली, राज्य पातळीवर दोन पदकं मिळवली. सहा वर्षांपूर्वी ती मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव सगळंच चालतं अशा एमएमएकडे वळली. सलग सात लढती जिंकून आपल्या वजनगटाच्या विजेतेपदाचा पट्टा तिनं घरी आणला. मात्र गेल्या वर्षभरात ती दोनदा हरली, दुसऱ्यांदा तर पहिल्याच फेरीत. तिच्या जुन्या लढतींच्या क्लिप पाहून एका निर्मिती संस्थेनं तिला वेब सिरीजमध्ये भूमिका देऊ केली आहे: चाळीस दिवसांचं शूटिंग, पावणेदोन लाख रुपये आणि दोन वर्षांचा करार. प्रशिक्षक म्हणतात, "आठ वर्षं खरी कुस्ती शिकवली, आता नूरा कुस्ती खेळायला चाललीस." वडिलांना ती पोलीस भरतीला बसावी असं वाटतं. तिचं दैवत रोंडा राउझी, अमेरिकेची एमएमए विजेती. ती लिहिते, "रोंडापण हरल्यावरच सिनेमात आणि डब्ल्यूडब्ल्यूईत गेली. लोकांनी तिला पळपुटी म्हटलं. मलापण म्हणतील. ताई, मी काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यात सरांवर एक पान, वडिलांवर एक आणि करारावर जवळजवळ दीड पान आहे. ज्या लढतीमुळे हे सगळं सुरू झालं, तिच्यात डोक्याला बसलेल्या माराबद्दल मात्र एकच वाक्य आहे आणि तेही समासात, उभं लिहिलेलं. "नंतर तीन आठवडे ट्यूबलाइटकडे बघवत नव्हतं, पण सरांना काही बोलले नाही." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याकडे मी येणार आहे, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पण आधी रोंडाबद्दल बोलू, कारण तू सगळा हिशेब तिच्यावर मांडला आहेस आणि मांडताना क्रम उलटा धरला आहेस.

रोंडा हरून सिनेमात गेली नाही. तिचे पहिले मोठे सिनेमे आले २०१४ आणि २०१५ मध्ये, तेव्हा ती एकही लढत न हरलेली विजेती होती. मार्च २०१५ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या तमाशाच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, रेसलमेनियात, पाहुणी म्हणून रिंगमध्ये उतरली. त्याच्या महिनाभर आधी तिनं एका प्रतिस्पर्धी मुलीला अवघ्या १४ सेकंदांत हरवलं होतं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरीला ३४ सेकंदांत. हॉली होमनं तिला मेलबर्नमध्ये हरवलं ते नोव्हेंबर २०१५ मध्ये, छप्पन्न हजारांहून जास्त लोकांसमोर, दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ मारून. म्हणजे पडद्याचं दार तिनं जिंकत असतानाच उघडलं होतं. हरल्यावर ती त्या दाराकडे धावत सुटली, ही गोष्ट लोकांनी नंतर रचली, आणि तू ती खरी मानून स्वतःला लावून घेतलीस.

त्याआधीचंही थोडं ऐक. तिची आई ॲनमारिया डी मार्स १९८४ ची ज्युदोची जागतिक विजेती. रोंडानं २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ७० किलो गटात कांस्यपदक मिळवलं. महिला ज्युदोत अमेरिकेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक होतं. आणि पदक गळ्यात घालून घरी आल्यावर काय मिळालं? बारमध्ये ग्राहकांना दारू देण्याचं काम, आणि काही काळ तर स्वतःच्या मोटारीत झोपण्याची वेळ. ज्युदोनं तिला पोट भरायची सोय दिली नाही, म्हणून ती एमएमएत आली. त्या वेळी यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या संस्थेचे प्रमुख डेना व्हाइट कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते की यूएफसीत बाया कधीच लढणार नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये यूएफसीतली महिलांची पहिली लढत झाली, ती रोंडाची, आणि तीसुद्धा रात्रीची शेवटची, मुख्य. हे नुसत्या आर्मबारच्या, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या डावाच्या जोरावर झालेलं नाही. तिच्या पहिल्या बारा विजयांपैकी नऊ आर्मबारनं आले हे खरं, पण तिला बोलता येत होतं, समोरच्या मुलीला डिवचता येत होतं, तिकिटं खपवता येत होती. लोकांना आपल्याकडे बघायला लावायची कला तिच्याकडे केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात असतानाही होती.

म्हणून तुझ्या पत्रातलं पहिलं गृहीतक मला मान्य नाही. 'लढणं खरं आणि मनोरंजन खोटं' अशी सरळ फाळणी तू केली आहेस. आपल्याकडचे फड आठव. माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं. जत्रेत दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू व्हायच्या, शेवटची इनामाची कुस्ती लागेपर्यंत दिवे लागायचे. हलगी कडकडायची, पैलवान फेटा बांधून फडाला फेरी मारायचा, शड्डू ठोकायचा. कुस्ती निकालीच व्हायची, पण फडाला रंग चढायचा तो या सगळ्यानं. ज्याला लोकांसमोर उभं राहायचं आहे त्याला थोडं रंगायला लागतंच.

आता सरांच्या शब्दाबद्दल. 'नूरा कुस्ती' हा आपल्या मातीतला फार जहरी शब्द आहे, आणि तो तुला कुठे लागला असेल ते मला कळतं. पण शब्दाचा नीट अर्थ धरू. नूरा कुस्तीत दोन पैलवान आतून ठरवतात आणि बाहेर बसलेल्या माणसाला मात्र खरीच लढत चालली आहे असं भासवतात. तिकीट काढलेल्या माणसाची ती फसवणूक. सिनेमा बघणाऱ्याला माहीत असतं की हे रचलेलं आहे. डब्ल्यूडब्ल्यूईचा निकाल आधी ठरलेला असतो हेही आता पोराटोरांना ठाऊक आहे, तरी रिंगमध्ये पाठीवर आपटणं लागतंच. सरांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, त्यांना वेगळंच काहीतरी म्हणायचं आहे. तूच लिहिलं आहेस की त्यांनी आठ वर्षांत तुझ्याकडून फीचा एक रुपया घेतला नाही. तुझ्या बाबतीत त्यांनी काही स्वप्न बघितलं असणार. रागानं बोललेल्या त्या वाक्यात त्यांचंही दुःख आहे, तेवढं ऐकून घे. शब्द मात्र मनाला लावून घेऊ नकोस.

आणि तू जिथे चालली आहेस तिथे आयतं काही मिळत नाही. मागे एकदा हुतात्मा स्मृती मंदिरात एका हौशी संस्थेची तालीम बघत बसले होते. प्रसंग एका थपडेचा होता. मारणाऱ्या मुलाचा हात समोरच्याच्या गालापासून वीतभर लांबून जायचा. आवाज काढायचा तो मार खाणाऱ्यानं, प्रेक्षकांकडे पाठ करून, छातीशी धरलेले आपलेच दोन तळवे एकमेकांवर आपटून. मारणाऱ्याचा हात, टाळीचा आवाज आणि मान वळणं, तिन्ही एकाच क्षणी जुळायला हवं. ते जुळायला तासभर गेला. तुझ्यापुढे हीच अडचण येणार आहे. सहा वर्षं तू शिकलीस की ठोसा समोरच्याला दिसता कामा नये. कॅमेऱ्यासमोर तो लांबून, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा यायला हवा आणि ऐन वेळी थांबायलाही हवा. जो हात न थांबवण्याची सवय लावलीस, तोच आता थांबवायचा. फाइट मास्टरपुढे पहिल्या दिवशी तू पट्टेवाली विजेती नसशील, नवशिकी असशील. हे मनापासून चालणार असेल तरच जा.

हे सगळं करावंसं तुला वाटतं का, हे तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस. लोक काय म्हणतील ते आहे, सर काय म्हणाले ते आहे. तुला अभिनय आवडतो का? शाळेच्या संमेलनात कधी उभी राहिली होतीस का? भूमिका कशी आहे, त्या मुलीला काही बोलायला आहे की नुसती मारामारी? अतुल कुलकर्णींसारखा नट याच गावात नाटकं करत राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोचला, कारण त्याला ते हवंच होतं. तुला हवं आहे का, ते आधी एका कागदावर स्वतःच्या हातानं लिही. सरांचं आणि वडिलांचं नाव त्यात येऊ देऊ नकोस.

आता त्या समासातल्या वाक्याकडे येते.

डोक्याला मार बसल्यावर उजेड सहन न होणं, डोकं दुखत राहणं, मळमळणं, झोपेचं तंत्र बिघडणं, बोलताना शब्द न आठवणं, ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं आहेत. बेशुद्ध पडायलाच हवं असं नाही. आणि पहिला धक्का पुरता भरून येण्याआधी दुसरा बसला तर धोका कितीतरी वाढतो. तीन आठवडे तुला ट्यूबलाइट सोसवत नव्हती, आणि पत्रावरून दिसतं की चौथ्या आठवड्यात तू पुन्हा सरावाला उतरलीस. मला हे वाचून फार काळजी वाटली, आणि ती मी लपवणार नाही.

रोंडाचं इथे पुन्हा नाव घेते, कारण तिच्याकडून घ्यायचा धडा हा आहे. २०२४ मध्ये तिनं उघडपणे सांगितलं की ज्युदोच्या दिवसांपासून तिच्या डोक्याला असे धक्के बसत होते, आणि ती ते लपवत आली होती. सांगितलं तर थांबवतील, ही भीती. होमकडून हरल्यावर ती वर्षभराहून जास्त काळ एकही लढत लढली नाही. त्या काळात जीव द्यायचे विचार मनात आल्याचं तिनं नंतर टीव्हीवर रडत सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये ती अमांडा नुनेसविरुद्ध परत उतरली आणि ४८ सेकंदांत हरली. जगातली सगळ्यात कणखर बाई म्हणून जिचे फोटो छापले जात होते, तिला 'माझं डोकं दुखतंय' एवढं म्हणता येत नव्हतं. तूही तेच करते आहेस.

तेव्हा कुठल्याही निर्णयाआधी डॉक्टर. आपल्या सिव्हिलमध्ये जा किंवा खाजगी न्यूरॉलॉजिस्टकडे, पण सगळं खरं सांग: दोन्ही लढतींच्या तारखा, किती मार बसला, त्यानंतर काय काय झालं. लढतीचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा आणि दाखव. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग, म्हणजे सरावातल्या लढती बंद, आणि शूटिंगमधल्या उड्या आणि आपटणंही बंद. सेटवर डोक्याला लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आणि रोंडाला आले तसे विचार तुझ्या मनात कधी आले, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मी तुला घाबरवायला देत नाही. तो मोबाइलमध्ये असू दे.

हे सरांना सांगायचं काम तुझंच आहे. पोरीनं दुखणं आपल्यापासून लपवलं हे ऐकून ते आधी चिडतील. चिडू दे. आमच्या गावच्या फडातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चितपट झालेला एक पोरसवदा पैलवान विहिरीच्या काठावर बसला होता. त्याच्या वस्तादानं दोन बादल्या पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, मग पंचाचं टोक पिळून त्याच्या कानात गेलेली माती हळूहळू काढली. एक शब्दही बोलला नाही. तू मुंबईहून हरून रात्रीच्या सिद्धेश्वरनं एकटी आलीस, डोळ्यावरची सूज ओढणीनं झाकून, आणि पहाटे स्टेशनवरून रिक्षा करून घरी गेलीस, असं लिहिलं आहेस. तुझ्या डोक्यावर कुणी पाणी ओतलं नाही, कारण तू कुणाला समजूच दिलं नाहीस. सरांना ती संधी दे.

आता कराराबद्दल, कारण तुझ्यासारखी पत्रं मला कबड्डीपटूंकडून येतात, नाचणाऱ्या मुलांकडून येतात, आणि अडकतात ती सगळी इथेच. तू उतरवून पाठवलेलं कलम असं आहे की करारावर सही केल्यापासून दोन वर्षं तू कुठल्याही स्पर्धेत, प्रदर्शनात किंवा इतर निर्मितीत भाग घेणार नाहीस. काम चाळीस दिवसांचं आणि दावं दोन वर्षांचं. तुझ्या वयाची चोविसावी आणि पंचविसावी वर्षं लढणाऱ्यासाठी ऐन उमेदीची असतात, ती त्या पावणेदोन लाखांत जातात. हे कलम तसंच ठेवून सही करू नकोस. शूटिंगच्या आधी महिनाभर आणि शूटिंग संपेपर्यंत लढणार नाही, एवढीच अट त्यांना रास्तपणे घालता येते, कारण चेहऱ्यावर टाके घेऊन तू सेटवर गेलीस तर त्यांचं नुकसान आहे. त्यापुढचं बंधन हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत. सेटवर जखम झाली तर उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे कोण देणार, विमा कुणाच्या नावावर, हे लिहून घे. कुठली स्टंट तू करणार आणि कुठल्या ठिकाणी डमी असणार, तेही. पैसे टप्प्यांत मागून घे, सगळे 'प्रदर्शनानंतर' असं नको. ऑडिशनसाठी किंवा कलाकाराचं कार्ड काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिर. आणि करार मराठीत समजावून सांगेल असा वकील आपल्या कोर्टाच्या आवारात मिळेल. त्याची फी हा या कामातला पहिला खर्च समज. मुंबईला पहिल्या भेटीला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस.

एक मागणी मी तुझ्या जागी असते तर नक्की केली असती: मारामारीच्या दृश्यांच्या सरावासाठी सरांना सोबत घ्यावं, रोजचं मानधन देऊन. ते नाही म्हणतील कदाचित. तरी त्यांना विचार. आणि बोलणं बदलू नकोस. ते तुला पुण्याची मराठी बोलायला लावतील. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि 'काय बे' म्हणणारी मराठी, ही तुझी बोली त्या भूमिकेला शोभेल, अशी भूमिका आहे का ते विचार.

वडिलांवर पानभर लिहूनही त्यांचं म्हणणं तू दोन ओळींत उडवून लावलं आहेस, ते मला पटलं नाही. ज्या घरात माग बंद तर मजुरी बंद, त्या घरातला माणूस दरमहा येणाऱ्या पगाराची किंमत तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आहे, एमएमए नाही, म्हणून तुझ्या पट्ट्यापेक्षा शाळेतली ज्युदोची प्रमाणपत्रं इथे जास्त कामाची. ती कुठल्या पदासाठी चालतात हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचार, आणि विभागीय उपसंचालकांकडून त्यांची पडताळणी आतापासून करून घे, कारण जाहिरात निघाल्यावर वेळ पुरत नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. तुझ्या अंगात ते आहे. वयाची अट असते, त्यामुळे हा रस्ता कायम उघडा राहणार नाही. सिरीज केलीस म्हणून भरती बंद होत नाही. पडताळणीचं काम तर या महिन्यातच करता येईल, आणि वडिलांशी बोलायला तुझ्या हातात काहीतरी असेल.

कारण 'हे की ते' असा प्रश्न तुला वाटतो तितका खरा नाही. दारा सिंग १९६० च्या दशकात हिंदी सिनेमाचे नायक होते आणि कुस्त्याही करत होते. आखाडा त्यांनी सोडला तो १९८३ मध्ये. त्यानंतर दूरदर्शनवर हनुमान झाले आणि लोकांनी त्यांना हात जोडले. त्यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही. जीना कॅरानो २००९ मध्ये क्रिस सायबॉर्गकडून हरली आणि सिनेमात गेली. तिची लढत टीव्हीवर बघून एका नामवंत दिग्दर्शकानं तिला थेट मुख्य भूमिका दिली होती. तिला लढणारी म्हणूनच निवडलं गेलं होतं. आणि लढतच राहायचं असेल तर तोही रस्ता आता आपल्याकडच्या मुलींना अगदीच अनोळखी नाही: पूजा तोमरनं जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकली, तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

लोक बोलतील, हे मात्र मी नाकारत नाही. रोंडा २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आली तेव्हा पहिल्याच सामन्यात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. वर्ष संपायच्या आत तेच लोक तिची हुर्यो उडवू लागले. तरी एप्रिल २०१९ मध्ये रेसलमेनियाची शेवटची, मुख्य लढत पहिल्यांदाच बायकांची झाली आणि तिघींमध्ये ती एक होती. पट्टा त्या रात्री बेकी लिंचकडे गेला. लोकांच्या टाळीवर जगायचं ठरवलंस तर ती केजमध्येही फिरते आणि पडद्यावरही. सात लढती जिंकलीस तेव्हा ज्यांनी चौकात तुझा फ्लेक्स लावला, त्यांनीच हरल्याची क्लिप फॉरवर्ड केली, हे तू स्वतः लिहिलं आहेस.

तू लिहितेस की रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद करून ती हरलेली लढत पुन्हा पुन्हा बघतेस. एकटी बघू नकोस. डॉक्टरांकडून आलीस की एका संध्याकाळी सरांसोबत बस आणि एकदाच, आवाज चालू ठेवून, थांबवत थांबवत बघा. कुठे हात खाली आला, पाय कुठे चुकला, ते दोघं मिळून बोला. करारावर सही त्या संध्याकाळनंतर कर किंवा करू नको. निर्मिती संस्थेला पंधरा दिवस मागितलेस तर ते देतील. नाही दिले तर एवढ्या घाईचं कारण काय, ते त्यांनाच विचार.

सरावाची बॅग तू गेले दोन महिने पलंगाखाली ढकलून ठेवली आहेस म्हणालीस. ती बाहेर काढ आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्या धुऊन दोरीवर टाक. पुन्हा लढायचं ठरेल किंवा नाही, पट्ट्या तशाच ओल्या ठेवल्या तर कुजतात.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, पण खऱ्या लिही.

तुझी,
ताई